राणीने फक्त दोरी ओढली, नेम आधीच लावून ठेवला होता : जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण टेनिसच्याही आधी लंडनजवळचं हे विम्बल्डन एका वेगळ्याच खेळासाठी गाजलं होतं. रायफल शूटिंग.

तारीख २ जुलै १८६०. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा. उद्घाटनाला खुद्द राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट. नुसती फीत कापायची नव्हती, स्पर्धेची पहिली गोळी राणीने झाडायची होती. टार्गेट ४०० यार्डांवर. क्रिकेटच्या १८ खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर जेवढं अंतर होईल, साधारण तेवढं.

आता राणी काही नेमबाज नव्हती. गोळी भलतीकडे गेली तर हजारो लोकांसमोर शोभा. म्हणून आयोजकांनी काय केलं, तर रायफल राणीच्या हातात दिलीच नाही. ती एका लोखंडी स्टँडवर घट्ट बसवली होती, तिचा नेम आधीच लावून ठेवला होता आणि ट्रिगरला रेशमी दोरी बांधली होती. राणीने दोरी ओढली. धूर झाला. गोळी टार्गेटच्या मध्यापासून जेमतेम दीड इंचाच्या आत लागली.

टाळ्या राणीला मिळाल्या. पण ती रायफल आणि तो नेम यामागे एक मँचेस्टरचा कारखानदार होता. बंदुकांशी सहा वर्षांपूर्वीपर्यंत ज्याचा काहीही संबंध नव्हता असा माणूस. जोसेफ व्हिटवर्थ.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ.

सिनेमात स्नायपर बॅगेतून रायफल काढतो, वर दुर्बीण म्हणजे स्कोप बसवतो, एक डोळा मिटतो आणि खटकन गोळी झाडतो. प्रत्यक्षात असं केलं तर गोळी कुठे जाईल याचा नेम नाही, अगदी शब्दशः. कारण स्कोप जिथे बघतो आणि नळी जिथे बघते त्या दोन वेगळ्या रेषा असतात. स्कोप नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेला असतो. त्याची रेषा सरळ जाते. गोळी मात्र नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली यायला लागते. त्यामुळे नळी किंचित वर रोखावी लागते. गोळी खालून येऊन नजरेच्या रेषेला एकदा छेदते, थोडी वर जाते आणि मग लांबवर पुन्हा खाली येताना दुसऱ्यांदा छेदते. हे दुसरं छेदणं आपल्याला हव्या त्या अंतरावर आणून बसवायचं, यालाच रायफल झिरो करणं म्हणतात.

आणि झिरो करायची पहिली अट म्हणजे गोळ्या आधी एकाच ठिकाणी लागल्या पाहिजेत. मध्यावर नाही लागल्या तरी चालेल, पण एकत्र लागल्या पाहिजेत. कॉलेजला एनसीसीत असाल तर तुम्हाला ग्रुपिंग हा शब्द माहीत असेल. मला पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल मिळाली तेव्हा माझ्या पाच गोळ्यांपैकी दोनच कागदावर सापडल्या होत्या आणि त्याही एकमेकींपासून वीतभर लांब. अशा वेळी साइट फिरवून काही उपयोग नसतो. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या तर मध्य काढणार कशाचा?

व्हिटवर्थने रायफलीच्या बाबतीत नेमकं हेच ओळखलं. आणि ते ओळखायला त्याला बंदुकांचा नाही, तर सपाट लोखंडाचा अनुभव कामी आला.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. आई तो लहान असतानाच गेली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधल्या काकाच्या सूतगिरणीत कामाला लावलं. काकाला वाटलं पोरगा धंद्यात येईल. पोरग्याचं लक्ष मात्र सुतापेक्षा यंत्रांत जास्त. काही वर्षांत गिरणी सोडून तो मँचेस्टरला मेकॅनिक म्हणून काम करायला लागला. मग लग्न, आणि तिथून थेट लंडन, हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात.

मॉडस्लेचा कारखाना म्हणजे त्या काळातली यंत्रकामाची पंढरीच. त्यानंतर तो जोसेफ क्लेमंटकडेही होता, जिथे चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचं काम चालायचं. १८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला.

या सगळ्यात त्याला एका गोष्टीचं वेड लागलं होतं. खऱ्या अर्थाने सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा?

ऐकायला फालतू वाटतं, पण विचार करून बघा. लोखंडाची पाटी सपाट आहे की नाही हे तपासायला दुसरी सपाट पाटी लागते. ती सपाट आहे हे कशावरून? दोन पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक पोटाकडे फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊ शकते. दोघी एकमेकींवर चपखल बसतात, पण सपाट दोघीही नसतात. उपाय म्हणजे तिसरी पाटी घ्यायची. एकीला गेरूसारखा लाल रंग लावायचा, दुसरीवर टेकवायची, रंग जिथे लागला तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. मग जोड्या बदलायच्या. तिन्ही पाट्या आलटून पालटून एकमेकींवर तंतोतंत बसायला लागल्या की त्या सपाटच असल्या पाहिजेत, दुसरा मार्गच उरत नाही. ही युक्ती मूळ व्हिटवर्थची की मॉडस्लेच्या कारखान्यातली यावर वाद आहे, पण १८४० मध्ये ती जगासमोर नीट मांडली ती व्हिटवर्थने.

पुढच्याच वर्षी त्याने स्क्रूच्या आट्यांचं काम हातात घेतलं. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसायचा नाही. व्हिटवर्थने देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि सुचवलं की आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंश ठेवा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात इतके आटे. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि बघता बघता ते ब्रिटनचं प्रमाण झालं. आपल्याकडचे जुने फिटर आजही बीएसडब्ल्यू म्हणतात ना, त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच व्हिटवर्थ. एवढंच नाही, तुमच्या बाथरूममधल्या अर्धा इंची नळाला प्लंबर जिथे पांढरी टेप गुंडाळतो तिथले आटेही याच ५५ अंशांच्या घराण्यातले.

१८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं मोजमापाचं यंत्र ठेवलं. तोवर ब्रिटनमध्ये अचूकता म्हटलं की व्हिटवर्थ हे ठरूनच गेलं होतं.

आणि मग लष्कराचा निरोप आला.

साल १८५४. रशियाविरुद्ध क्रिमियाचं युद्ध पेटलेलं. ब्रिटिश सैन्याला नवी एनफिल्ड रायफल हवी होती, लाखांच्या संख्येने. सरसेनापती होते लॉर्ड हार्डिंग, म्हणजे तेच जे आधी भारताचे गव्हर्नर जनरल होते आणि शिखांविरुद्धचं पहिलं युद्ध ज्यांच्या काळात झालं. त्यांना व्हिटवर्थकडून रायफली बनवायची यंत्रं हवी होती. व्हिटवर्थ बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांकडे फिरून आला आणि त्याने यंत्रं बनवायला थेट होकार दिलाच नाही. त्याच्या लक्षात आलं की चांगली नळी कशामुळे चांगली होते हेच कुणाला धड सांगता येत नाही. एकाच साच्यातल्या दोन रायफली, एक बरी चालते, दुसरी नाही, आणि का ते ठाऊक नाही. कारागीर अनुभवाने घासतात, वाकवतात, सरळ करतात. आधी प्रयोग करू द्या, असं त्याचं म्हणणं पडलं. खर्च सरकारने द्यायचा, स्वतःसाठी मात्र त्याने मोबदला घेतला नाही.

प्रयोगासाठी त्याने काय करावं? मँचेस्टरच्या फॅलोफिल्ड भागात त्याचं द फर्स नावाचं घर होतं. त्याच्या आवारात ५०० यार्ड लांबीची, वर छप्पर असलेली बंदिस्त गॅलरी बांधली. जवळपास अर्धा किलोमीटर लांब शेड! कारण उघड्यावर गोळी झाडली की वारा मध्ये येतो, आणि मग चूक वाऱ्याची की नळीची हे कळत नाही. गंमत म्हणजे त्याच वाऱ्याने सूड घेतला. बांधून होते न होते तोच वादळात गॅलरी कोसळली. पुन्हा उभी केली आणि १८५५ च्या मार्चमध्ये प्रयोग सुरू झाले.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भारी वाटतो तो पुढचा भाग. गॅलरीत ठरावीक अंतरावर पातळ टिश्यू कागदाचे पडदे टांगले होते. स्टँडवर बसवलेल्या रायफलीतून गोळी सुटली की ती सगळ्या पडद्यांना भोकं पाडत जायची. ती भोकं क्रमाने जोडली की गोळीचा हवेतला अख्खा रस्ता कागदावर हजर. भोक गोल असेल तर गोळी नाकासमोर चालली आहे. लांबट असेल तर ती कलंडली. हाय स्पीड कॅमेरा यायला अजून बराच काळ होता आणि या माणसाने कागदावर गोळीचा व्हिडिओच काढला म्हणायचा.

आज झिरो करायच्या ज्या पद्धती आहेत त्यांचा गाभा इथेच दिसतो. आजही रायफल आधी वाळूच्या पिशव्यांवर किंवा स्टँडवर टेकवतात, म्हणजे माणसाचा श्वास, खांदा, हाताचा कंप मधून जातो. बोल्ट काढता येणारी रायफल असेल तर आधी गोळीच झाडत नाहीत. मागून नळीत डोकावून टार्गेटचा मध्य नळीच्या गोलात आणतात आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच मध्यावर आणतात. ही बोअर साइटिंग. याने काम होतं असं नाही, पण पहिली गोळी निदान कागदावर तरी लागते.

मग जवळून, साधारण २५ यार्डांवरून सुरुवात. नंतर १०० यार्डांवर तीन ते पाच गोळ्या, सगळ्या एकाच बिंदूवर नेम धरून. भोकांच्या झुबक्याचा मध्य काढायचा आणि तो हव्या त्या बिंदूपासून किती लांब आहे ते मोजायचं. समजा तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली आहे. बहुतेक स्कोपच्या चकतीचा एक खटका १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकवतो. म्हणजे १२ खटके उजवीकडे, ८ वर. हाच हिशोब २५ यार्डांवर करायचा तर प्रत्येक इंचाला चौपट खटके लागतात, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथेच घोळ घालतात. एका गोळीची शॉर्टकट पद्धतही आहे. गोळी झाडायची, रायफल पुन्हा मूळ बिंदूवर रोखून स्टँडवर घट्ट धरायची आणि फुली सरकवत पडलेल्या भोकावर न्यायची. पण रायफल मध्ये केसभर जरी हलली तर सगळं मुसळ केरात. आणि स्कोपचे स्क्रूच सैल असतील तर कुठलीच पद्धत चालत नाही. आज झिरो केलेली रायफल उद्या भलतीकडे मारते.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलं तो ५० मीटर रायफलचा प्रकार आठवा. तिथे स्कोप चालत नाही, बारीक छिद्राच्या साइट असतात. पण मॅचआधी साइटिंग शॉट्स असतातच आणि खटके फिरवायचं गणितही तेच.

हे सगळं कधी उपयोगी? जेव्हा रायफल स्वतः गोळ्या एकत्र टाकते तेव्हा. व्हिटवर्थने तीच बाजू धरली. भोवरा जोरात फिरला की उभा राहतो, मंदावला की डुलतो. गोळीचंही तसंच. एनफिल्डच्या नळीतले पेच ७८ इंचांत एक फेरा घ्यायचे. व्हिटवर्थने २० इंचांत एक फेरा केला. नळीचं तोंड ०.५७७ इंचावरून ०.४५१ वर आणलं आणि आतला आकार गोल न ठेवता षटकोनी केला. गोळीही षटकोनी, नळीत नट-बोल्टसारखी फिट्ट बसणारी.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथल्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींची समोरासमोर चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट फाकल्या. व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे साडेचार इंचांच्या आसपास. ११०० यार्डांवर एनफिल्ड ८ फुटांच्या वर गेली, व्हिटवर्थ २.६२ वर राहिली.

तारीख बघितलीत? एप्रिल १८५७. आदल्याच महिन्यात बराकपूरला मंगल पांडेने गोळी झाडली होती आणि पुढच्याच महिन्यात मेरठ पेटलं. शाळेच्या पुस्तकात चरबीच्या काडतुसांमुळे आपल्याला पाठ झालेली एनफिल्ड ती हीच. इकडे तिच्या काडतुसांवरून साम्राज्य हादरत होतं आणि तिकडे इंग्लंडात तीच रायफल एका यंत्रवाल्यासमोर सपाटून हरत होती.

तरीही लष्कराने व्हिटवर्थची रायफल नाकारली. तोंड फार लहान आहे, काळ्या दारूच्या काजळीने लवकर भरतं, असं कारण दिलं. ती महागही होती. काजळीची तक्रार खरी होती, ती नुसती सबब नव्हती. पण पुढे १८७१ मध्ये याच लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली तेव्हा तिच्या नळीचं तोंड होतं ०.४५ इंच.

नेमबाजांनी मात्र व्हिटवर्थला डोक्यावर घेतलं. राणीने दोरी ओढली त्या स्पर्धेतला पहिला क्वीन्स प्राइझही एडवर्ड रॉसने व्हिटवर्थ रायफलीनेच जिंकला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढची नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. गुलामगिरी टिकवायला निघालेली दक्षिणेची राज्यं इंग्लंडमधून शस्त्रं विकत घेत होती आणि नाकेबंदी चुकवून नेत होती. त्यात थोड्या व्हिटवर्थ रायफलीही गेल्या. थोड्या, पण निवडक नेमबाजांच्या हाती. त्यांतल्या काहींवर डेव्हिडसन नावाची दुर्बीण बसवलेली होती. तो डेव्हिडसन म्हणजे बॉम्बे आर्मीत, आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला अधिकारी. त्याची दुर्बीण नळीच्या वर नाही, तर डाव्या बाजूला बसायची. म्हणजे नजरेची रेषा वरून नाही, बाजूने यायची आणि झिरो करताना डाव्या-उजव्याचं गणितही वर-खालीइतकंच सांभाळावं लागायचं.

षटकोनी गोळी हवेतून शिटी वाजवत यायची असं सैनिक सांगत. ९ मे १८६४ ला स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेचा जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या एका गोळीने पडला. गोळ्यांच्या आवाजाने वाकणाऱ्या आपल्या शिपायांची तो त्याच वेळी थट्टा करत होता. ती गोळी व्हिटवर्थचीच होती असं सर्रास लिहिलं जातं. पक्का पुरावा नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि ज्या मँचेस्टरमध्ये या रायफली जन्मल्या तिथे काय चाललं होतं? अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने गिरण्या थंड पडल्या होत्या, कामगार उपाशी होते. (याच काळात मुंबईत कापसाच्या भावाने सोनं पिकत होतं, ती वेगळी गोष्ट.) तरीही १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन अब्राहम लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. एकाच शहरातून गुलामगिरीविरुद्ध पत्रही गेलं आणि गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्यांच्या हातातली सर्वांत अचूक रायफलही. व्हिटवर्थला नळी लाखात एक हवी होती. ती कुणाच्या खांद्याला लागणार हा प्रश्न त्याने गॅलरीतल्या कागदी पडद्यांना कधी विचारला नाही, असं मला तरी वाटतं.

नंतर त्याने तोफा केल्या, आर्मस्ट्राँगशी वर्षानुवर्षं भांडला, पोलाद दाबून मजबूत करायची पद्धत काढली. १८६८ मध्ये तरुण इंजिनिअरांसाठी दरवर्षी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. पुढच्या वर्षी सरकारने त्याला बॅरोनेट केलं. दोन लग्नं झाली, मूल नव्हतं. २२ जानेवारी १८८७ ला मॉन्टे कार्लोमध्ये तो वारला. त्याचा पैसा बराचसा मँचेस्टरला गेला. तिथली व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्यातूनच उभी राहिली.

द फर्स हे घर पुढे मँचेस्टर गार्डियनचा संपादक सी. पी. स्कॉट याला राहायला मिळालं. गॅलरी केव्हाच नव्हती.